मदत हवी आहे: एचटीअ‍ॅक्सेसमधलं ३०१ रीडायरेक्ट गोल गोल फिरतंय

बिंदूरेषा

नमस्कार मंडळी,

एका जुन्या पीएचपी साइटचे पत्ते सुटसुटीत करतेय. सध्याचा पत्ता असा: व्ह्यू.पीएचपी?आयडी=४२. हवाय तो नुसता /लेख/४२. (प्रत्यक्षात सगळं रोमन लिपीत आहे, मोबाइलवरून लिहितेय म्हणून नियम शब्दांत सांगते.) वेब सर्व्हर अपाचे २.४, होस्टिंग शेअर्ड (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स). मुख्य कॉन्फिगला हात लावता येत नाही, जे काय करायचं ते रूटमधल्या एचटीअ‍ॅक्सेसमध्येच (अपाचेची फोल्डरपुरती नियमांची फाइल).

दोन नियम आहेत. पहिला: क्वेरी स्ट्रिंगमध्ये (पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागात) आयडी असेल आणि फाइल व्ह्यू.पीएचपी असेल तर ३०१ (कायमचं रीडायरेक्ट) देऊन /लेख/४२ वर पाठव. दुसरा: /लेख/४२ मागितलं तर आतल्या आत व्ह्यू.पीएचपी?आयडी=४२ चालव, पत्ता बदलू नको. दोन्हींना एल फ्लॅग दिलाय.

एकेकटा ठेवला तर दोन्ही चालतात. एकत्र ठेवले की ब्राउझर म्हणतो, खूप जास्त रीडायरेक्ट झाले. कर्ल -आय (सर्व्हरचं उत्तर कमांड लाइनवर दाखवणारी कमांड) मारून पाहिलं तर /लेख/४२ ला उत्तर येतं ३०१, आणि लोकेशन हेडरमध्ये /लेख/४२?आयडी=४२. म्हणजे पाहुण्याला त्याच्याच घरी पाठवतोय! शिवाय ते आयडीचं शेपूट कुठून येतंय?

एल म्हणजे ‘शेवटचा नियम’ ना? मग दुसऱ्या नियमानंतर पहिला पुन्हा का लागतो? जाणकारांनी कृपया सांगावं.

खटपट्या

पहिला नियम काढून टाका. जुने पत्ते चालू राहू देत, पानात कॅनॉनिकल टॅग (पानाचा मुख्य पत्ता कोणता ते सांगणारा) घाला. सर्च इंजिनला तेवढं पुरतं.

बिंदूरेषा

@खटपट्या, तो टॅग म्हणजे सर्च इंजिनला नुसती सूचना. वाचक जुनाच पत्ता कॉपी करून पुढे पाठवत राहणार. मला तो पत्ता बंदच करायचाय.

टर्मिनलवाला

एल फ्लॅगने भल्याभल्यांना फसवलंय. मुख्य कॉन्फिगमध्ये तो अपेक्षेप्रमाणे वागतो. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये मात्र एल फक्त *ती फेरी* संपवतो. आतल्या आत पत्ता बदलला की अपाचे नव्या पत्त्यासाठी फोल्डरचे नियम पुन्हा पहिल्यापासून वाचतं. तुमच्याकडे नेमकं तेच होतंय: /लेख/४२ चं व्ह्यू.पीएचपी?आयडी=४२ झालं, दुसरी फेरी सुरू झाली, आणि या खेपेला पहिल्या नियमाला हवं ते सगळं जुळलं. पाहुण्याने मागितलेला पत्ता आणि आपणच आत बनवलेला पत्ता यातला फरक त्या नियमाला कळत नाही.

तो फरक कळणारं एक व्हेरिएबल आहे: टीएचई_रिक्वेस्ट. त्यात ब्राउझरने पाठवलेली मूळ ओळ जशीच्या तशी असते, ‘गेट’पासून एचटीटीपीच्या आवृत्तीपर्यंत, आणि आत कितीही रीराइट (पत्त्याचे आतले बदल) झाले तरी ती बदलत नाही. पहिल्या नियमाची अट क्वेरी स्ट्रिंगऐवजी यावर लावा. /लेख/४२ मागणाऱ्याच्या मूळ ओळीत व्ह्यू.पीएचपी नसतंच, त्यामुळे चक्र तुटतं.

दुसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या नियमाला एलऐवजी एंड फ्लॅग. तो २.४ मध्ये चालतो आणि पुढच्या फेऱ्याच बंद करतो. मला स्वतःला टीएचई_रिक्वेस्ट बरं वाटतं. उद्या कुणी मध्ये आणखी एखादा रीराइट घातला आणि त्याला एंड लावायला विसरला तरी मूळ अट शाबूत राहते.

शेपटाचं: नव्या पत्त्यात तुम्ही प्रश्नचिन्ह दिलं नाही तर अपाचे जुनी क्वेरी स्ट्रिंग आपणहून मागे जोडतं. नको असेल तर क्यूएसडी फ्लॅग द्या.

आणि चाचणी चालू आहे तोवर ३०१ च्या जागी ३०२ (तात्पुरतं रीडायरेक्ट) ठेवा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. नियम दुरुस्त झाला तरी तुमच्या स्क्रीनवर जुनंच चक्र दिसेल आणि तुम्ही बरोबर असलेला नियम मोडत बसाल. खरं काय ते कर्लला विचारा.

बिंदूरेषा

चाललं!! मनापासून धन्यवाद. एंड नाही, टीएचई_रिक्वेस्टच लावलं. एकच कसर: सोशल मीडियावरून येणाऱ्या दुव्यांना आयडीनंतर अँड चिन्ह आणि भलंमोठं काहीतरी चिकटलेलं असतं. ते जुन्याच पत्त्यावर राहतात.

टर्मिनलवाला

तुमच्या पॅटर्नमध्ये आकड्यांनंतर लगेच मोकळी जागा अपेक्षित असणार. तिथे ‘अँड चिन्ह किंवा मोकळी जागा’ करा. आयडीच्या आधीही तसंच, प्रश्नचिन्ह किंवा अँड चिन्ह असायलाच हवं. नाहीतर पीआयडी=४२ मधलाही ‘आयडी’ पकडला जाईल आणि भलताच लेख उघडेल. पॅटर्नमध्ये उघडी स्पेस टाकू नका, अपाचे तिथेच आर्ग्युमेंट संपलं असं समजतं. बॅकस्लॅश एस वापरा.

खटपट्या

आता आकड्याऐवजी लेखाचं शीर्षक पत्त्यात हवं असेल तर? ४२ म्हणजे कुठलं शीर्षक हे अपाचेला कसं कळणार? रीराइटमॅप (कशाच्या जागी काय, अशी यादी) वापरायचा?

टर्मिनलवाला

रीराइटमॅप एचटीअ‍ॅक्सेसमध्ये घोषित करता येत नाही, त्याला मुख्य कॉन्फिग किंवा व्हर्च्युअल होस्ट लागतो. शेअर्ड होस्टिंगवर तो विषय तिथेच संपला. प्रत्येक लेखासाठी एक नियम लिहिणारेही पाहिलेत, आणि ती फाइल अपाचे दर विनंतीला वाचतं.

शीर्षक डेटाबेसमध्ये आहे ना, मग हे काम पीएचपीचं. व्ह्यू.पीएचपीच्या सुरुवातीलाच रिक्वेस्ट_यूआरआय तपासा. त्यात पाहुण्याने मागितलेला मूळ पत्ताच असतो. तो जुन्या धाटणीचा असेल तर शीर्षक शोधा, ३०१ आणि लोकेशन हेडर पाठवा, आणि लगेच एक्झिट. एक्झिट राहिलं तर खालचा सगळा कोड फुकट चालत राहतो. लेख सापडलाच नाही तर ४०४ द्या, मुखपृष्ठावर ढकलू नका. आणि एचटीअ‍ॅक्सेसमधला तो पहिला नियम मग काढून टाका, नाहीतर जुना पत्ता पीएचपीपर्यंत पोचणारच नाही.

बिंदूरेषा

शीर्षकं पुढच्या टप्प्यात घेते. दोन्ही बाजूंचं शेपूट पॅटर्नमध्ये धरलं, कर्लवर एकच उडी दिसतेय आणि मग २०० (पान मिळालं). ३०२ चं ३०१ करून टाकते.