मुलाखतीत काय बोलू नये? धाकट्या बहिणीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीला पुढच्या आठवड्यात जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्यात मुलाखतीला बोलावलंय. जागा क्वालिटी लॅबची आहे. ती रसायनशास्त्रात बीएस्सी आहे आणि आधीच्या नोकरीत हेच काम करायची: पाइपची जाडी मोजणं, दाबाची चाचणी, आयएस 4985 या पीव्हीसी पाइपच्या भारतीय मानकाप्रमाणे नोंदी. कामाच्या प्रश्नांना ती कुठेच अडणार नाही. काळजी आहे ती बाकीच्या बोलण्याची. आम्ही अमळनेरकडचे, घरात अहिराणी. समोरच्याने जरा मायेने "कोनता गावनी तू?" विचारलं की ही घरातलं सगळं सांगून मोकळी होते.

जुन्या कंपनीने तिचे शेवटचे पगार अडकवलेत. ती चिडलीय आणि तिचं चिडणं रास्तच आहे. पण "तिथलं का सोडलं?" असं विचारल्यावर मालकाचा उद्धार सुरू झाला तर नवीन लोक काय समजतील? "घरगुती कारण" सांग, असं काकू म्हणतात. ते खोटं आहे, मला पटत नाही. "पगार वेळेवर होत नव्हता" एवढं एकच वाक्य बोलून थांबावं, असं मला वाटतं. चालेल का?

दुसरी गोष्ट मला जास्त नाजूक वाटते. पीव्हीसीत कॅल्शियम कार्बोनेट (स्वस्त भरावाची पूड) किती घालायचं यावर पाइपची किंमत ठरते, आणि ते जास्त झालं की पाइप ठिसूळ होतो. जुन्या कंपनीचं हे प्रमाण तिला तोंडपाठ आहे. नवीन कंपनी त्याच धंद्यातली. चहा पिता पिता कोणी "तिकडे कॅल्शियम किती टाकतात हो?" असं सहज विचारलं तर? पगार बुडवणाऱ्यांचं गुपित का सांभाळायचं, असं ती म्हणते. मला मात्र ते सांगणं बरोबर वाटत नाही.

शिवाय तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे, एमपीएससीचा फॉर्मही भरलाय. आणि आपल्याकडचा ठरलेला प्रश्न, "कुठले पाटील?" खानदेशात पाटील मराठ्यांत आहेत, लेव्यांत आहेत, गुजरांतही आहेत, विचारणाऱ्याला जात हवी असते. न दुखावता हे कसं टाळावं?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, भरतीच्या टेबलापलीकडे मी बरीच वर्षं बसतोय, म्हणून लिहितो.

पगाराचं तुमचं वाक्य अगदी योग्य आहे, त्यात भर घालू नका. अडकलेल्या पैशांसाठी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा, हजेरीचे आणि बँकेचे कागद जोडा. ती तक्रार तिथेच करायची.

कॅल्शियमचा प्रश्न कधी खरंच माहिती काढायला विचारतात, कधी माणूस पारखायला. दोन्ही वेळा उत्तर एकच: "सर, ते त्यांचं आहे, मला सांगता येणार नाही. तुमचंही मी बाहेर सांगणार नाही." मी असं उत्तर ऐकलंय आणि त्या मुलाला त्याच दिवशी घेतलंय. चाचणी कशी करते, पाइप नापास झाला तर काय करते, हे मात्र तिने भरभरून सांगावं. जुन्या गिऱ्हाइकांची नावं आणि दरही बोलू नयेत.

लग्नाचं विचारतात कारण मालकांना पुढच्या रजेची धास्ती असते. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी रजा आहे आणि तो खर्च बऱ्याच ठिकाणी मालकावर पडतो. म्हणून स्थळांचा विषय तिने आपण होऊन काढू नये. विचारलंच तर "अजून काही ठरलेलं नाही" हे खरंच आहे. एमपीएससीचंही तसंच: न विचारता सांगू नये, थेट विचारलं तर नाकारू नये.

"कुठले पाटील?" ला "अमळनेर तालुक्यातले" म्हणावं आणि हसून थांबावं. पुन्हा खोदलं तर गावाचं नाव सांगावं, बस्स.

पगाराची तारीख आणि रात्रपाळी तिने शेवटी नक्की विचारावी, आधीचा अनुभव बघता तो तिचा हक्कच आहे. अमळनेरहून सुरत लाइनच्या रेल्वेने रोज ये-जा करणार की जळगावात खोली घेणार, हे मात्र घरी ठरवून जा. हा प्रश्न येणारच.