नियमित ठोके म्हणजे निरोगी हृदय?
ठोके घड्याळासारखे एकसारखे पडले की हृदय ठणठणीत, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. खरं तर उलट! नाडी मिनिटाला ६० असली तरी दोन ठोक्यांतलं अंतर कधी ९५० मिलिसेकंद, कधी १०४०. श्वास घेताना ठोके जरा पळतात, सोडताना रेंगाळतात; ही मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस नर्व्हची करामत.

संशोधक क्लायगर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८०८ रुग्णांचं २४ तासांचं होल्टर रेकॉर्डिंग (अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने घेतलेला सलग ईसीजी) तपासलं. ज्यांच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार (त्याचं माप म्हणजे एसडीएनएन) ५० मिलिसेकंदांच्या खाली, त्यांना मृत्यूचा धोका १०० च्या वरच्यांपेक्षा ५.३ पट निघाला. पण एट्रियल फिब्रिलेशनमध्येही (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात तेव्हा) चढउतार भरपूर दिसतो, तो मात्र आजारच. आणि मनगटी घड्याळातला पाच मिनिटांचा आकडा या ५०-१०० शी ताडून घाबरू नका, ते माप पूर्ण दिवसाचं आहे.