स्वस्त, वापरलेल्या बेस गिटारमध्ये बदल करावेत की तिची फक्त नीट जुळणी करावी?

खर्ज (धागाकर्ता)

आतापर्यंत मी कमी किमतीच्या नऊ जुन्या बेस गिटार घेतल्या, नीट केल्या, काही महिने वाजवल्या आणि त्यांपैकी सात विकल्या. त्यातून माझे मत असे बनले आहे की, जो बदल एका संध्याकाळी पूर्ववत करता येत नाही तो अशा वाद्यात करूच नये. आणि जो करता येतो, त्याचाही खर्च विक्रीत वसूल होईल अशी आशा धरू नये.

घेणारा माणूस वाद्याच्या माथ्यावरचे नाव पाहून किंमत ठरवतो, आत कोणता पिकअप (तारांचे कंपन टिपून त्याचा विद्युत संकेत करणारा चुंबक-वेटोळ्याचा भाग) आहे हे पाहून नव्हे. एका बेसमध्ये मी पिकअप, ब्रिज (तारांचे धडावरचे टोक धरणारा भाग) आणि खुंट्या असे सगळे बदलले. विकताना हाती आलेली रक्कम खरेदीपेक्षा किंचितच अधिक होती आणि सुट्या भागांचा सगळा खर्च बुडाला. त्यानंतर मी मूळ भाग जपून ठेवू लागलो. विकताना ते परत बसवतो आणि चांगला पिकअप पुढच्या वाद्यासाठी काढून घेतो. तो एकच पिकअप आतापर्यंत तीन वाद्यांत फिरला आहे.

याउलट जुळणीला, म्हणजे आहेत तेच भाग नीट बसवून घेण्याला, जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि वाद्य हाताला वेगळेच लागू लागते. चार तारांचा एकत्रित ताण साधारण 70 ते 80 किलो भरतो. नेक (तारांखालची लांब दांडी) तो वर्षानुवर्षे सोसत असते आणि हळूहळू पुढे वाकते. मग तारा उंच होतात, बोटे दुखतात, आणि मालक वाद्यालाच वाईट ठरवून ते विकायला काढतो. पहिली फ्रेट (नेकवर आडवी बसवलेली धातूची पट्टी) आणि नेक जिथे धडाला मिळते तिथली फ्रेट एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार किती वर राहते ते पाहावे. तिथे सुमारे 0.3 मिलिमीटर फट पुरते. मला मिळालेल्या वाद्यांत ती बहुतेकदा एक मिलिमीटरच्या आसपास होती. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सुधारणारी सळई) पाव फेरा आवळायचा, तारा पुन्हा सुरात आणायच्या आणि मग मोजायचे. म्हणूनच खरेदीपूर्वी तो रॉड फिरतो की नाही हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रॉड अडकलेला असेल किंवा नेकला पीळ पडलेला असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी मी ते वाद्य सोडून देतो.

बिनपडदा

हा हिशेब विक्रेत्याचा आहे, वादकाचा नाही. पूर्ववत न होणारा बदल करून पाहण्याची मुभा स्वस्त वाद्यच देते. तिथेही हात आवरायचा असेल, तर माणसाने ते काम शिकायचे कुठे?

मी एका जुन्या बेसच्या सगळ्या फ्रेट काढल्या. प्रत्येक फ्रेटला डाखणीने ऊब दिली, म्हणजे उपटताना लाकडाचे टवके कमी उडतात; खाचांत पातळ लाकडी पट्ट्या चिकटवल्या आणि पृष्ठभाग घासून एकसारखा केला. पहिल्या चार-पाच खाचांचे काम ओबडधोबड झाले, पुढच्या चांगल्या जमल्या. साध्या गोल वेढ्यांच्या तारांनी फिंगरबोर्डवर (नेकच्या वरच्या, बोटे टेकतात त्या लाकडावर) चरे पडू लागले, तेव्हा सपाट वेढ्यांच्या तारा लावल्या. त्या वाद्यावर स्वर नेमका कुठे आहे हे कानाने शोधावे लागते, आणि माझा कान तिथेच तयार झाला. तिला विक्रीची किंमत उरली नाही, हे मला मान्य आहे; त्याचे दुःख मात्र नाही.

शिवाय या वाद्याची घडणच खोलून जोडण्याची आहे. 1951 साली लिओ फेंडर यांच्या कंपनीने प्रिसिजन बेस आणला तेव्हा त्याची नेक धडाला स्क्रूने बसवलेली होती, आणि 1957 मध्ये त्याच कंपनीने त्याला दोन तुकड्यांचा नवा पिकअप दिला. ज्या वाद्यात त्याच्या निर्मात्यांनीच असे फेरफार केले, त्याचे मूळ रूप आपण इतके पवित्र का मानावे?

डाख

निर्मात्याचे फेरफार आणि नव्या पिकअपसाठी धडात छिन्नीने पाडलेली खाच यांत फरक आहे, असे मला वाटते. पण माझा मुख्य आक्षेप खर्ज यांच्यावर आहे. आपण चांगला पिकअप काढून घेता आणि जुना, कुरकुरणारा भाग परत बसवून वाद्य विकता. घेणाऱ्याने ते वाजवून पाहिले तेव्हा आत कोणता पिकअप होता?

दुसरे असे की, पिकअप बदलण्याआधी बाकीचे विद्युत मंडल तपासले जात नाही. खरखर करणारे पॉट (आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखालचे भाग) क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी बहुधा सुधारतात. न सुधारल्यास 250 किलोओहमचा नवा पॉट मामुली किमतीत मिळतो. तारांना हात लावल्यावर घूं आवाज कमी होत असेल, तर ब्रिजची अर्थिंगची तार शाबूत आहे आणि पोकळीला तांब्याचा पत्रा लावून तो अर्थिंगला जोडला की फरक पडतो. दोन पिकअपच्या बेसमध्ये वेटोळी एकमेकांच्या उलट असतील, तर दोन्ही पूर्ण उघडल्यावर घूं आवाज जवळजवळ नाहीसा होतो. ‘पिकअप वाईट आहे’ म्हणून माझ्याकडे आलेल्या अनेक वाद्यांत दोष होता तो जॅकच्या (केबल खुपसण्याच्या जागेच्या) सुटलेल्या डाखाचा.

नवी बोटे

मी या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. माझ्या पहिल्या बेसच्या माथ्यावर एका महागड्या कंपनीचे नाव होते. तारा बदलताना पिकगार्ड (धडावरचे पातळ झाकण) उघडले, तेव्हा आत वेडीवाकडी खाच दिसली, आणि ते नाव म्हणजे नंतर चिकटवलेला कागद निघाला. विकणाऱ्याने यातले काहीच सांगितले नव्हते. वाद्य वाईट नाही, मी रोज तेच वाजवतो. परंतु मी ज्याचे पैसे दिले ते मला मिळाले नाही. बदल करावेत की करू नयेत यावर आपण खुशाल वाद घाला. विकताना मात्र पिकगार्ड काढून आतला फोटो दाखवा, कोणता भाग मूळचा आणि कोणता नाही हे लिहून द्या, आणि खोटे नाव लावू नका.

बिनपडदा

हे पूर्ण मान्य. खर्ज यांना एकच प्रश्न: नऊपैकी सात विकल्या, मग उरलेल्या दोन का ठेवल्या?

खर्ज (धागाकर्ता)

डाख यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मी मूळ भाग गिऱ्हाईक येण्यापूर्वीच बसवतो, त्यामुळे ते जे वाजवून पाहतात तेच घरी नेतात. आतला फोटो मात्र मी कधी दिला नव्हता. तो यापुढे देईन, नवी बोटे यांची मागणी रास्त आहे.

दोन का ठेवल्या? एकीचे धड हलके असल्यामुळे तिचा माथा खाली झुकतो आणि ती कोणी घेत नाही. हलक्या खुंट्या बसवून तो तोल साधण्याचा प्रयत्न सध्या चालू आहे. दुसरीच्या धडात आधीच्या मालकाने आणखी एका पिकअपसाठी खाच पाडली होती आणि काम अर्धवट सोडले होते. त्या खाचेमुळेच ती मला इतर आठांपेक्षा कमी किमतीत मिळाली, आणि नेक सरळ केल्यावर तीच माझ्याकडची सर्वांत चांगली वाजणारी बेस ठरली. खाच पाडणाऱ्याला पैशांचा फटका बसला, तो टाळावा एवढेच मी म्हणत होतो. त्या खाचेत आता बिनपडदा यांच्या सल्ल्याने दुसरा पिकअप बसवून पाहीन, कारण तिथे बिघडण्यासारखे लाकूड उरलेले नाही.