पडझड नेमकी कुठली?

वर कुणीतरी म्हटलंय की बरोक काळातले (साधारण सतराव्या शतकातले) चित्रकार समोर दिसलेले भग्नावशेष जसेच्या तसे उतरवायचे. रोमच्या अवशेषांबद्दल ते बरंचसं खरं असेल, पण डच निसर्गचित्रकार याकोब फान राउसडालचं उदाहरण उलटं आहे. ॲमस्टरडॅमजवळच्या आउडरकर्क इथल्या पोर्तुगीज ज्यूंच्या दफनभूमीची त्याची दोन रेखाटनं हार्लेमच्या टायलर्स संग्रहालयात आहेत. काळा खडू, वर करड्या रंगाचा पातळ हात. थडगी, झाडं, बस्स. पडकं काही नाही. आणि थडगी इतकी नेमकी की आजही तिथे जाऊन ओळखता येतात.

मग १६५०च्या दशकात त्यावरून तैलचित्रं केली (एक ड्रेस्डेनला, एक डेट्रॉइटला), तेव्हा मात्र गडी सुटलाच! थडग्यांमधून खळाळता ओढा, वठलेलं झाड, इंद्रधनुष्य आणि मागे भग्न इमारत. डेट्रॉइटच्या चित्रातली भिंत तर पार उत्तरेकडच्या एगमंड मठावरून उचललेली. म्हणजे कागदावर निरीक्षण, कॅनव्हासवर रचना.

इंद्रधनुष्य मला जरा जास्तच वाटतं. ओढा मात्र पटतो. दगड स्थिर, पाणी चालू. मृत्यूबद्दल तेवढं पुरे होतं की.