हळदीतलं शिसं: पॉलिकॅपिलरी घ्यावी की वक्र स्फटिक?

भोसरीकर
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं मोजमाप-उपकरणांचं वर्कशॉप आहे. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याला हळदीत लेड क्रोमेट (शिसं आणि क्रोमियम असलेला पिवळा रंग) आहे का ते पूड आम्लात न विरघळवता बघायचंय. मॉलिब्डेनम अ‍ॅनोडची ५० वॅटची क्ष-किरण ट्यूब नि सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर मिळतोय. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण सोडतं, ती ऊर्जा हा डिटेक्टर मोजतो. ट्यूबपुढे पॉलिकॅपिलरी, म्हणजे किरण एका ठिपक्यावर आणणारा काचनळ्यांचा जुडगा, लावू का? बारीक ठिपका म्हणजे जास्त संवेदनशीलता ना?

स्फटिकवेडी
तसं नाही हो दादा. शिसं किती आहे आणि कुठे आहे, हे दोन वेगळे प्रश्न.

‘कुठे’साठी पॉलिकॅपिलरीच. काचेच्या नळ्यांतून किरण परावर्तित होत १०–३० मायक्रॉनच्या ठिपक्यावर येतात. पुडीतल्या एकाच कणात शिसं आणि क्रोमियम सोबत दिसलं, तर संशयाला चांगलाच आधार मिळतो. सरासरी आकड्यात हे कधीच दिसत नाही.

पण तिच्यातून ट्यूबचा अखंड वर्णपटही, म्हणजे सगळ्या ऊर्जांचे किरण, येतो. हळद बहुतेक स्टार्च. त्यावरून तो विखुरतो आणि नेमका शिशाच्या रेषेखाली (त्याच्या ठरावीक ऊर्जेच्या शिखराखाली) ठाण मांडतो. दुहेरी वक्र स्फटिक फक्त १७.५ केईव्हीची (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) मॉलिब्डेनम रेषा निवडतो. ठिपका मोठा होतो, पण पार्श्वभूमी साफ. हळदीची कायदेशीर मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) आहे, तिथे हेच कामाला येतं. क्रोमियमला मात्र ही ऊर्जा जरा दूरची, त्याला जास्त वेळ द्या.

आणि आर्सेनिक विसरू नका! शिशाची एल-अल्फा रेषा १०.५५ केईव्हीवर, आर्सेनिकची के-अल्फा रेषा १०.५४ वर. तुमचा डिटेक्टर त्यांना वेगळं करूच शकत नाही. शिशाची १२.६१ वाली एल-बीटा बघितल्याशिवाय व्यापाऱ्याला एकही आकडा सांगू नका. त्यावर कुणाचा माल अडतो.

कोथरूड_लॅब
स्फटिकवेडी ताईंशी सहमत. फोकस शोधायला तांब्याची बारीक तार ठिपक्यातून आडवी सरकवा आणि ८.०५ केईव्हीच्या शिखराचा आलेख काढा. अर्ध्या उंचीवरची रुंदी तारेच्या जाडीइतकीच राहिली, तर ठिपका तारेहून बारीक. ट्यूब सुरू करण्याआधी शिसं लावलेली पेटी, दाराला इंटरलॉक (दार उघडलं की ट्यूब बंद) आणि एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, परवानगी हवीच.

याहून बारीक नकाशा हवा असेल तर इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) बारीक ठिपक्याची मायक्रोप्रोब बीमलाइन आहे.

भोसरीकर
मग आधी स्फटिक. बैठक अशी करतो की पॉलिकॅपिलरी नंतर त्याच जागी बसेल. ताई, स्फटिक धरायला किती अक्षांचं समायोजन लागेल?

स्फटिकवेडी
तीन सरकते, दोन झुकते. ब्रॅग कोनाचा (ज्या कोनात स्फटिक हवी ती ऊर्जा निवडतो त्याचा) स्क्रू सगळ्यांत बारीक आट्यांचा घ्या, तिथे काटकसर नको.