मिझोरामची मूठ मराठवाड्यात चालेल का? (सुवार्तिकाचं मानधन आणि घराघरातलं धान्य)

जालना रस्ता (धागा सुरू)

सलाम. मुद्दा थेट मांडतो. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन सिनडमध्ये (तिथल्या चर्चच्या मध्यवर्ती सभेत) १९१० पासून एक पद्धत आहे, 'बुहफाइ थाम'. स्वयंपाकाला तांदूळ घेताना घरातली बाई त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. चर्चच्या बायका घरोघर फिरून ते तांदूळ गोळा करतात, विकतात आणि पैसा मिशनला जातो. आज त्यातून वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात आणि त्यांचे मिशनरी भारतभर काम करतात.

आपल्या मंडळ्यांनी, म्हणजे गावोगावच्या स्थानिक चर्चनी, हे का करू नये? माझा हिशेब असा. एक मूठ अंदाजे ४० ग्रॅम. दोन वेळच्या दोन मुठी, म्हणजे महिन्याला २ किलो ४०० ग्रॅम. ४० घरांच्या मंडळीत ९६ किलो. भाव ३० रुपये धरला तर २,८८० रुपये. अशा चार मंडळ्या एकत्र आल्या की ११,५२० होतात. सुवार्तिकाचं (गावोगाव फिरून शुभवर्तमान सांगणाऱ्याचं) मानधन १०,००० आणि एसटीभाडं १,५०० यात बसतं. कोणत्या मंडळीचे किती किलो आले आणि सुवार्तिक कोणत्या गावांना गेला, हे दर महिन्याला वार्तापत्रात छापायचं.

बाहेरच्या पैशाची वाट बघण्यात अर्थ नाही. परदेशी देणगी कायद्याच्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणारी संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देऊच शकत नाही. मोठ्या संस्थेमार्फत लहान मंडळीपर्यंत झिरपणारा पैसा तिथंच आटला. विरोध असेल तर आकड्यांसकट मांडा.

दळणवाली

आकड्यांसकटच मांडते. तुमचा हिशेब भात खाणाऱ्यांचा आहे. तिथं बाई रोज दोनदा कच्च्या तांदळात हात घालते म्हणून मूठ निघते. आपल्याकडं रोजचा हात पिठात असतो, ज्वारीत नाही. भाकरीला बसताना मूठ काढायची म्हटलं तर पिठाची काढावी लागेल, आणि ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांवर गेलं की विरी जाते. थापताना भाकरीच्या कडा चिरतात, चव कडवट लागते. ते पीठ विकत कोण घेणार?

धान्य हातात येतं ते दळण निवडताना. पाच माणसांच्या घरात आठवड्याला दहा-बारा किलोचं दळण जातं. सूप पुढ्यात असताना एक ओंजळ बाजूला काढली तर दोनशे ग्रॅम. महिन्यात पाच दळणं धरली तरी किलोभरच. म्हणजे ४० घरांचे ४० किलो आणि १,२०० रुपये. चार मंडळ्यांत काम भागणार नाही, दहा लागतील. सूचना चांगली आहे, पण ती पुरुषमाणसानं चुलीपासून लांब बसून केली आहे, एवढं दिसतं.

जालना रस्ता

दळणाचा मुद्दा मान्य, ताई. मग दहा मंडळ्या धरू. पण ओंजळ एकच का? दोन काढल्या तर पाचच मंडळ्या पुरतात.

दळणवाली

पहिल्या महिन्यात दोन निघतील. तिसऱ्या महिन्यात एकही नाही.

उसाचा पट्टा

बीड जिल्ह्याच्या बाजूनं लिहितोय. आमच्या कित्येक मंडळ्यांत दिवाळीच्या आगंमागं निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम कारखान्याच्या तळावर कोपीत. घरचं धान्य जातानाच बरोबर नेलेलं असतं, पुढं आठवड्याच्या खर्चीवर बाजार. तुमच्या कोष्टकात या सहा महिन्यांचा रकाना कुठं आहे?

दुसरं, हे जास्त गंभीर आहे. भूमिहीन घरात येणाऱ्या धान्याचा मोठा भाग रेशनचा. माणशी पाच किलो, अंत्योदयवाल्याला कुटुंबाला पस्तीस. ते खाण्यासाठी मिळतं, विकण्यासाठी नाही. पाच गावांचा रेशनचा तांदूळ एका पोत्यात भरून तुम्ही आडत दुकानात नेलात, तर पुरवठा खातं त्याला अर्पण म्हणणार नाही, काळाबाजार म्हणेल. आणि पकडला जाईल टेम्पोत बसलेला गरीब पंच.

मिझोरामशी तुलना करताना २०११ च्या जनगणनेचे दोन आकडे शेजारी ठेवा. तिथं ख्रिस्ती ८७ टक्के, महाराष्ट्रात एक टक्क्याच्या आत. तिथं एका गल्लीत फिरलं की पोतं भरतं. इथं तीन घरं या वाडीत, पाच घरं त्या तांड्यापलीकडं. गोळा करायला जाणाऱ्याचं पेट्रोलच ज्वारीपेक्षा महाग पडेल.

जालना रस्ता

रेशनचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता, तो बिनशर्त मान्य. रेशनचा गहू-तांदूळ घ्यायचाच नाही, असा नियम पहिल्या ओळीत लिहू. पेट्रोलचं मात्र पटत नाही. गोळा करायला वेगळं जायचंच कशाला? महिन्याच्या पहिल्या रविवारी लोक उपासनेला येतात, तेव्हा पिशवी बरोबर आणतील. कापणीच्या सणाला कोंबडी, भोपळा, कणसं आणतातच की.

जुनं दप्तर

कापणीच्या सणाचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्या दिवशी भोपळ्याला पाचशे रुपये येतात, कारण लिलावात बोली लावणारे नोकरदार असतात, वर्षातून एकदा येतात आणि चारचौघांत बोलतात. भोपळ्याची किंमत तेव्हा भोपळ्याची नसते. दर महिन्याला लिलाव ठेवा, चौथ्या महिन्यात बाजारभावही येणार नाही.

स्वावलंबनाची ही भाषा आपल्या भागात नवी नाही. जालन्याजवळचं बेथेल आठवा. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्यांनी मांग-महार समाजातल्या नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी तिथं गाव वसवलं, जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळाली. लोकांनी शेती आणि कारागिरी करून स्वतःच्या पायावर उभं राहावं, हाच हेतू. तरीही निधीसाठी शेषाद्रींना परदेश दौरे करावेच लागले. १८७३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत डोक्यावर पागोटं घालून बोलले. १८९१ मध्ये वारले तेही समुद्रप्रवासात. एवढा खटाटोप करणाऱ्या माणसाला जे ओंजळीत भागलं नाही, ते तुम्ही दळणाच्या सुपात भागवणार?

माझं म्हणणं वेगळं आहे. मंडळ्यांकडे मोक्याच्या जागा आहेत. रस्त्याकडेला चार गाळे काढले तर एका गाळ्याचं भाडं दहा मंडळ्यांच्या ज्वारीला भारी पडेल.

हिशेबनीस

गाळ्यांचं नाव निघालं म्हणून लिहितो, एरवी वाचूनच पुढे गेलो असतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६ बघा. न्यासाची बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षं. विक्री, अदलाबदल, गहाण यांना परवानगी लागतेच. अकरा-अकरा महिन्यांचे करार करून वेळ मारून नेता येते, पण मग गाळा बांधायला पैसा घालणारा भाडेकरू मिळत नाही, आणि मिळाला तर हलत नाही.

त्याआधीचा प्रश्न, जागा नक्की कोणाच्या नावावर आहे? १९२४ च्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात ते चर्च इतर पाच चर्चांबरोबर सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) विलीन झालं. लोकांना वाटतं, ठराव झाला म्हणजे मालमत्ताही गेली. गुजरातच्या ब्रेदरन चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं की नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावानं न्यासाची मालमत्ता आपोआप दुसऱ्याकडे जात नाही, न्यास कायद्याची रीतसर प्रक्रिया व्हावी लागते. म्हणून गाळ्याच्या आधी परिशिष्ट एकचा उतारा (न्यासाचे विश्वस्त आणि मालमत्ता यांची धर्मादाय कार्यालयातली नोंद) काढा. विश्वस्त मयत, त्यांची मुलंही मयत आणि बदल अर्ज कुणी दिलेलाच नाही, हे चित्र सर्रास असतं. कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. हे निस्तरायला किती वर्षं लागतील, सांगत नाही.

त्यामानानं ज्वारी सोपी. पण नोंद नीट ठेवा. वहीत सहा रकाने हवेत: तारीख, घराचा क्रमांक, जिन्नस, वजन, विक्रीचा दर, पावती क्रमांक. वजन आणि विक्री एकाच माणसाकडे नको. पैसे त्याच आठवड्यात बँकेत, दोन सह्यांच्या खात्यावर. आणि कुणाकडे परदेशी देणगीचं खातं असेल तर ज्वारीचा एक रुपयाही त्यात भरायचा नाही. त्या खात्यात स्थानिक पैसा चालत नाही.

जुनं दप्तर

कलम ३६ माहीत आहे. अवघड आहे म्हणून करायचंच नाही, याला उत्तर म्हणत नाहीत. उतारे दुरुस्त करणं हेही मिशनचंच काम समजा.

एक पंच

पैसा कसा आणायचा यावर सगळे बोलताहेत, माझी हरकत वार्तापत्राला आहे. मंडळीनिहाय किलो छापले की पुढच्याच महिन्यात स्पर्धा लागते, आणि ज्या मंडळीत विधवा नि म्हातारी माणसंच उरली आहेत ती खाली दिसते. मार्कच्या बाराव्या अध्यायातली विधवा दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) टाकते. वार्तापत्राच्या कोष्टकात तिचा नंबर शेवटचा लागला असता.

दुसरी हरकत सुवार्तिकाच्या बातम्यांना. 'अमुक गावच्या अमुक कुटुंबानं विश्वास धरला', खाली फोटो, असं छापायची आपल्याला खोड आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला महाराष्ट्रात ओबीसीत जावं लागतं. कुटुंबानं काय ठरवायचं, कोणता दाखला काढायचा, कधी जाहीर करायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. आपल्या छापील कागदानं त्यांच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न परस्पर उभा करू नये. गावातल्या शेजाऱ्यांशी होणारा ताण वेगळाच.

जालना रस्ता

मग छापायचं काय? हिशेब लपवला तर सहा महिन्यांत 'पैसे खाल्ले' सुरू होतं. ते तर आपल्याकडचं सर्वात जुनं वार्तापत्र.

एक पंच

एकूण किलो, एकूण रक्कम आणि खर्च पै न् पै छापा. मंडळीनिहाय आकडे कौन्सिलच्या (अनेक मंडळ्यांच्या एकत्रित सभेच्या) बैठकीत वाचा, घरनिहाय वही त्या त्या मंडळीच्या वडिलांकडे (कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांकडे) राहू द्या. सुवार्तिकाच्या बातमीत तालुका पुरे, गाव नको. किती दिवस फिरला, किती घरांत प्रार्थना झाली, कोणत्या आजाऱ्याला दवाखान्यात नेलं, रविवारची शाळा कुठं बंद पडली, हे द्या. बंद पडलेल्याची बातमी आपण कधी देतच नाही.

अजून एक राहिलं. पैसा दहा मंडळ्यांचा, मग सुवार्तिक कोणाचा? प्रेस्बिटेरियन रीतीत एकट्या पाळकाला हा अधिकार नाही, वडिलांच्या सभेला आहे, आणि अनेक मंडळ्यांचा प्रश्न असेल तर कौन्सिलला. नेमणूक कौन्सिलनं करावी आणि रोजनिशी दर महिन्याला दोन वडिलांनी तपासून सही करावी. नाही तर ज्या मंडळीच्या आवारात तो राहतो तिथं तो घंटा वाजवणारा, खुर्च्या मांडणारा आणि पाळकसाहेबांच्या मुलांना शाळेत सोडणारा होतो, बाकीच्या नऊ मंडळ्या नुसत्या ज्वारी पाठवत राहतात.

उसाचा पट्टा

हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

विरोध करतोय म्हणून वाट दाखवू नये असं नाही. तळावर ज्वारीची ओंजळ मागू नका. तिथं बायका उसाच्या वाढ्याच्या मोळ्या बांधून गुरांसाठी विकतात, ती त्यांच्या हातातली रोकड. आठवड्यातल्या एका मोळीचे पैसे द्यायला कुणाची ना नसेल. पण घ्यायला तळावर जावं लागेल, आणि पहाटे चारला फडावर निघणाऱ्या माणसांना रात्री आठच्या आधी भेटता येत नाही. सुवार्तिकाच्या एसटीभाड्यात हे धरलंय का? रात्री परतीची एसटी नसते.

जालना रस्ता

नाही धरलेलं. १,५०० चे २,५०० करतो. म्हणजे दहाच्या अकरा मंडळ्या लागतील.

दळणवाली

मंडळ्या मोजून झाल्या असतील तर धान्य कसं टिकवायचं ते ऐका, कारण योजना बुडाली तर तिथंच बुडेल. तीन डबे ठेवा: मालदांडी, हायब्रीड, बाजरी. सगळं एकात ओतलं की व्यापारी मिसळ माल म्हणून सर्वात हलक्या जातीचा भाव लावतो. आणलेलं धान्य दाताखाली धरून बघा. कट्ट आवाज आला नाही तर ओल आहे, आधी उन्हात टाका. डब्यात कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला, ओला पाला घातला तर त्याचीच बुरशी. पावसाळ्यात महिन्याच्या वर ठेवायचंच नाही. श्रावणात सोंडे आणि पाखरू डब्यात आतल्या आत वाढतात, वरून दिसत नाहीत. हात घातल्यावर धान्य कोमट लागलं की समजायचं.

विकताना त्या दिवशीचा बाजार समितीचा दर फळ्यावर लिहा. खजिनदारानं आणि त्याच्या घरच्यांनी घ्यायचं नाही, मंडळीतल्या दुसऱ्या कुणीही घ्यावं.

आणि सुरुवात मार्चमध्ये करा. रब्बीची ज्वारी तेव्हाच घरात आलेली असते, बाईचा हात सैल असतो. ऑगस्टात सुरू केलंत तर निम्म्या घरांत विकतची ज्वारी, तिच्यातली ओंजळ निघणार नाही.

उसाचा पट्टा

मार्चमध्ये आमची माणसं तळावरच असतात, ताई. मे धरा.

दळणवाली

मे महिन्यात लग्नं. एप्रिलचा शेवटचा रविवार.