अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचं रेटिंग आणि मतदानाचा टक्का: नेमका कुठला आकडा धरायचा?

सांजवारा: एकाच आठवड्यातल्या दोन जनमत चाचण्यांत राष्ट्राध्यक्षांच्या रेटिंगमध्ये, म्हणजे त्यांचं काम पसंत असणाऱ्यांच्या टक्क्यात, चार-पाच टक्क्यांचा फरक असतो. २०२० चं मतदान कुठे ६६ टक्के, कुठे ६२. खरं काय मानायचं?

गणिती: आधी चाचण्यांच्या तक्त्यात नमुन्याचा, म्हणजे कुणाला विचारलं याचा, रकाना बघा. ए म्हणजे सगळे प्रौढ, आरव्ही म्हणजे नोंदणीकृत मतदार, एलव्ही म्हणजे संभाव्य मतदार. ए आणि एलव्ही यांची तुलना करूच नका. हजार जणांच्या नमुन्यात चूक ±३ टक्के धरतात, भारांकन केल्यावर (नमुना लोकसंख्येशी जुळावा म्हणून उत्तरांना कमी-जास्त वजन दिल्यावर) ती ±४ च्या घरात जाते. एकाच संस्थेच्या दोन चाचण्यांतला फरक मोजताना तिला १.४ ने गुणायचं, म्हणजे साधारण साडेपाच. "रेटिंग दोन टक्क्यांनी घसरलं" या मथळ्यात तथ्य नसतं ते म्हणूनच. एकच संस्था धरा आणि तिचे तीन-चार महिन्यांचे आकडे ओळीने बघा.

कावेरी_प: एलव्हीची चाळणीही फसते. मागे मत दिलं होतं का, मतदान केंद्र कुठे आहे ठाऊक आहे का, असे प्रश्न विचारून गॅलप ही चाचणी संस्था माणसं गाळायची. २०१२ च्या निवडणुकीआधीच्या तिच्या शेवटच्या चाचणीत नोंदणीकृत मतदारांत ओबामा पुढे होते. चाळणी लावल्यावर त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी ४९, ओबामा ४८ झालं, आणि प्रत्यक्षात ओबामा जवळपास चार टक्क्यांनी जिंकले. "मत देणार" म्हणणारे प्रत्यक्ष देणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त भरतात, म्हणून आता बऱ्याच संस्था मतदार यादीतला आधीच्या मतदानाचा इतिहासही ताडून बघतात.

छेद_अंश: ६६ आणि ६२ दोन्ही बरोबर, छेद वेगळा. ६२ च्या छेदात अठरा वर्षांवरचे सगळे रहिवासी येतात, नागरिक नसलेलेसुद्धा. ६६ मधून ते वगळलेत, शिवाय राज्याच्या कायद्याने मताधिकार गमावलेले कैदीही. आपल्याकडे टक्का मतदार यादीवर काढतात, तो या दोन्हींशी जुळत नाही. तिकडे यादीवर काढायचा म्हटलं तर नॉर्थ डकोटात मतदार नोंदणीच नाही!

गणिती: रेटिंगवरून मतदानाचा अंदाज मात्र बांधू नका. २०१४ आणि २०१८, दोन्ही मध्यावधींच्या (राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुकांच्या) वेळी राष्ट्राध्यक्षांची पसंती चाळिशीतच होती. मतदान मात्र ३७ आणि ५० टक्के. नुसती पसंती बघून हे कळत नाही, शेजारचा "तीव्र नापसंती"चा रकानाही वाचा.